सासवडच्या डोळ्यांनी पाहिलेलं चेरिमोया

आई फ्रीमाँटला येऊन तीन महिने झाले होते आणि तिचं पालुपद एकच: "एकदा गेले की पुन्हा काही मी यायची नाही हो." बाबा गेल्यावर मीच तिला हट्टाने आणलेलं. सासवडला दोन एकर सीताफळ सांभाळणारी बाई इथे दिवसभर खिडकीशी बसून राहायची. मला रडू यायचं. शेवटी २००६च्या मेमधल्या लाँग वीकेंडला ठरवलं, तिला सांता बार्बराजवळची चेरिमोयाची बाग दाखवायची. चेरिमोया म्हणजे सीताफळाचं चुलत भावंड. त्यासाठी आईला पांढरे बूट घेतले. साडीवर बूट म्हणून ती दोन दिवस कुरकुरली.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. वन-ओ-वन हायवे साउथ धरा, पाच-साडेपाच तास लागतात. लसूण पिकवणाऱ्या गिलरॉयला काचा खाली करा, लसणाचा वास फुकट आहे. आम्ही थालीपिठं नेली होती, ती रेस्ट एरियातल्या बाकावर खाल्ली.

बागेच्या मालकीणबाई साठीच्या, बोलक्या. हंगामातली शेवटची फळं खोक्यात होती. एकाचे चार डॉलर!

"एवढ्यात आमच्याकडे पाटी येते," आई म्हणाली. मग फळ फिरवून बघत, "आणि याचे डोळे कुठे उघडलेत? कच्चंय हे."

सीताफळाचे डोळे उघडले की उतरवायचं, हे आमचं शास्त्र. चेरिमोयाचं तसं नाही. हिरवंच काढायचं, घरी दाबून मऊ लागलं की कापून चमच्याने खायचं.

माझी आठ वर्षांची ईशा बोर्ड वाचून ओरडली, "आजी, इट केम फ्रॉम पेरू!"

"सीताफळासारख्या झाडाला पेरू कसा येईल गं?"

हसून हसून पुरेवाट झाली. मूळ पेरू-इक्वेडोरच्या डोंगरातलं, हे मी समजावलं. आपलं सीताफळही अमेरिका खंडातूनच आलं म्हटल्यावर मात्र आई भडकली. "सीतामाईचं फळ बोटीने आलं म्हणे!"

मालकीणबाई सांगत होत्या: सी जीवनसत्त्व आणि फायबर भरपूर, पण साखरही भरपूर. गर काळा पडतो, म्हणून बिया काढून, लिंबू पिळून फ्रीज करायचा. बिया विषारी, चावायच्या नाहीत.

"त्यांची पूड आम्ही उवांना लावतो, सांग तिला," आई म्हणाली.

खरी गंमत पुढे. या झाडाचं परागीभवन करणारा किडा कॅलिफोर्नियात नाहीच. संध्याकाळी फुलांतले पराग डबीत गोळा करायचे आणि सकाळी ब्रशने दुसऱ्या, नुकत्या उमलणाऱ्या फुलांना लावायचे. मालकीणबाईंनी "उद्या याल का?" विचारलं आणि आईने माझ्याकडे न बघताच मान डोलावली.

मोटेलात राहून रविवारी सकाळी पुन्हा गेलो. आई पदर खोचून दोन तास झाडाखाली. मालकीणबाई म्हणाल्या, हिचा हात हलका आहे. आईच्या फुलांना त्यांनी लाल दोरे बांधले.

"फळ कधी धरेल विचार."

"धरेल लगेच, पण पिकेल डिसेंबरात."

आईने बोटांवर महिने मोजले.

विकत आणलेली फळं घरी मऊ झाल्यावर त्यांचा गर गार बासुंदीत घातला. "बरं लागतंय. पण सीताफळ ते सीताफळ," आईचा निकाल.

जूनमध्ये ती ठरल्या तारखेलाच निघाली. बॅगा गाडीत टाकल्या आणि मला दाराशी पांढरे बूट दिसले.

"आई, अगं बूट राहिले!"

"राहू देत. डिसेंबरात चिखल असेल बागेत."