श्रद्धांजलीचा फटकारा

सोसायटीच्या फाटकावर काल शेजारच्या अण्णांच्या निधनाचा फ्लेक्स लागला आणि माझं डोकंच फिरलं. नाव आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, दोन्ही हल्ली जिथेतिथे दिसणाऱ्या त्या ब्रशच्या फाँटमध्ये! काने तिरके, वेलांट्या वाऱ्यावर उडालेल्या, आणि शेवटच्या ‘ली’ला असा झोकदार फटकारा, जणू अण्णा गेले नाहीत, निवडून आलेत.

मुळात हा फाँटच खोटारडा. कुंचल्यातला रंग संपत आला की अक्षर विरतं, केसांच्या रेघा उमटतात, ते मला फार आवडतं. पण इथे प्रत्येक काना एकाच जागी, अगदी सारखाच विरलेला. रंग संपेल कुठून? रंग नव्हताच कधी.

आंब्याच्या पेटीवर, दहीहंडीच्या बॅनरवर, वडापावच्या गाडीवर या फाँटने खुशाल मिरवावं. तिथे आरोळीच ठोकायची असते. गेलेल्या माणसाचं नाव आरोळी ठोकून घेतात का?

सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, “अहो, फ्लेक्सवाल्याकडे कुणाच्या तरी वाढदिवसाची फाईल तयार होती. फक्त फोटो आणि शब्द बदलले.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, खाली आल्या. फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या.

“स्वतःच्या वरातीतसुद्धा नाचले नव्हते हो हे,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि आता नाव बघा.”