मामांची भ्रामरी

माझे सासरे सुभेदार होते. मी त्यांना मामा म्हणायची. एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीतून निवृत्त झाले आणि पलूसजवळच्या आमच्या गावी ऊस बघू लागले. माणूस रागीट, पण त्या रागाला उत्तर देता यायचं. ते ओरडायचे, मी दाराआडून बोलायची, आणि भांडण तिथंच मिटायचं.

मग सांगलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला. कृष्णेच्या घाटावर एक गृहस्थ प्राणायाम शिकवायचे, त्यांच्याकडून मामा भ्रामरी शिकून आले. अंगठ्यांनी कान बंद करायचे, डोळे मिटायचे आणि भुंग्यासारखा आवाज काढत श्वास हळूहळू सोडायचा. त्यानं मन शांत होतं म्हणे. त्यांचं झालं असेल.

मी साताऱ्यात डी.एड. केलेली. नवरा सैन्यात, दूर. पलूसच्या शाळेत नेमणुकीचं पत्र आलं, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. मी विषय काढला की मामांचे अंगठे कानात. सकाळी तेच, जेवण झाल्यावर तेच, गोठ्यात उभ्या उभ्यासुद्धा तेच. ओरडणाऱ्या मामांपेक्षा हे गुणगुणणारे मामा मला जास्त दुष्ट वाटले.

सातव्या दिवशी ते सोप्यात घोंगड्यावर बसले होते. मी सरळ समोर जाऊन बसले. सासूबाई चुलीपासून उठून आल्या.

"अगं, ऊठ तितनं."

मी उठले नाही. मामांचा श्वास संपला. दुसरा घेईपर्यंत आवाज थांबला, तेवढ्यात मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, उद्या मी शाळेत हजर होणार."

गुणगुण सुरू झाली. मी थांबले. पुढच्या श्वासाला म्हणाले, "तुमी हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा." आणि त्याच्या पुढच्याला, "तुमच्या लेकाची चिठ्ठी हाय माझ्याजवळ. जा म्हणून लिवलंय."

त्यांचा आवाज चढत गेला, श्वास आखूड होत गेला. मानेची शीर फुगली. ते बघून मला बरं वाटलं, हे मी आज लपवत नाही.

शेवटी त्यांनी हात खाली टाकले. "जा. पर आजपास्नं माज्याशी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेले. त्यानंतर चार वर्षं आम्ही एका घरात राहून बोललो नाही. ताट मी वाढायची. भाजीत मीठ कमी पडलं, तर ते सासूबाईंना सांगायचे. पारावर कुणी त्यांना 'बाईंचे सासरे' म्हटलं की उठून जात, असं कानावर यायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.