काळ्या रंगाखालचं निळं

माझे बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून ते अमडापूरच्या घरात एकटेच राहतात. मी चिखलीला असते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाते. एकटा माणूस घरात काय करत असेल, याची धास्ती मला कायमच असते. फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तरी मी शेजारच्या चाचांना फोन लावते.

माझ्या पुण्याच्या भावाने त्यांना रिमोटवर चालणारी एक जुनी जीप पाठवली. हातभर लांब, खडकांवरून चढणारी, खऱ्या गाडीसारखे शॉकअप आणि अ‍ॅक्सल असलेली. मोठ्या माणसांच्या छंदाची वस्तू. बाबा तिच्यात रमले. रोज सकाळी गावाजवळच्या टेकडीवर नेऊन दगडांवर चढवायचे आणि दुपारी ओसरीत बसून तिचा एकेक भाग उघडायचे.

तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर आधीच्या मालकाने काळा स्प्रे मारलेला होता. बाबांनी एका पट्टीवर नखाने खरवडलं, तर खालून निळा रंग चमकला. तो रंग वरून लावलेला नव्हता. अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने एक पातळ, कडक थर चढवतात, त्याला अ‍ॅनोडाइझिंग म्हणतात, आणि तो निळा रंग त्या थरातच मुरलेला होता. बाबांना तो परत हवा होता.

"काय मस्त निया रंग हाये पाय," ते मला दाखवत म्हणाले. "अन् त्यानं त्याच्यावर डांबर फासलं."

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दार उघडं होतं, ओसरीतून बाबांच्या हालचालींचे आवाज येत होते. मग एक बारीक फसफस ऐकू आली. मला वाटलं, त्यांनी सोड्याची बाटली उघडली असेल. पण आवाज थांबेना.

"बाबा, काय करून राह्यले?"

"रंग काढून राह्यलो."

मी पिठाच्या हातानेच बाहेर आले. त्यांच्यासमोर लोणच्याची प्लास्टिकची बरणी होती, झाकण घट्ट लावलेली. आत करड्या पाण्यात जीपचे भाग बुडालेले आणि त्यांच्या भोवती फेस उसळत होता. शेजारी मोरीची नळी तुंबली की टाकतात त्या पावडरचा फाटका पुडा पडला होता. मोबाइलवर कुणीतरी ती वापरून लोखंडी भागांचा रंग काढून दाखवला होता, हे मला नंतर कळलं. लोखंडाला ती चालते. अ‍ॅल्युमिनियमला ती खाते आणि खाताना गॅस सोडते. ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मला एवढंच दिसलं की बरणी फुगली आहे. तिचा तळ गोल झाला होता आणि ती जागच्या जागी डुगडुगत होती.

"झाकण काऊन लावलं?"

"वास सुटला होता म्हून," असं म्हणत ते तिच्यावर वाकले. एक हात झाकणाकडे गेला.

"हात नका लावू," मी म्हणाले. पण त्यांची बोटं झाकणाला लागली होती. झाकण छताला जाऊन आदळलं. बाबा मागे भिंतीवर पडले आणि दोन्ही हात डोळ्यांवर दाबून बसले. नाकावरचा चष्मा उडून ओसरीच्या कोपऱ्यात गेला होता. ते ओरडले नाहीत. नुसते हळू आवाजात म्हणत राहिले, "डोयात गेलं, माय. डोयात गेलं."

मी त्यांना दंडाला धरून नळाखाली बसवलं. ते डोळा उघडायला तयार नव्हते. मी बोटांनी पापणी ओढून धरली आणि पाणी सोडत राहिले. त्यांच्या गालावरचं पाणी माझ्या हाताला साबणासारखं बुळबुळीत लागत होतं, म्हणून मी नळ पूर्ण सोडला. उजवा डोळा लालभडक होता. त्यातलं बुबुळ मला धुरकट दिसलं. ते खरंच तसं होतं की माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, सांगता येत नाही.

"काही दिसते का?"

त्यांनी तोंड दाराच्या दिशेने वळवलं. मग म्हणाले, "उजेड दिसते."

मी शेजारच्या चाचांना हाक मारली. त्यांची बांगड्यांची हातगाडी असते आणि घरचा एक ऑटो. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता ऑटो काढला. "बेटी, पानी साथ में ले ले," एवढंच म्हणाले आणि स्वतःच्या घरातून पाण्याचे दोन कॅन आणून मागे ठेवले.

चिखलीपर्यंतचा रस्ता मला आठवतो तो फक्त खड्ड्यांमुळे. प्रत्येक खड्ड्याला पापणी माझ्या बोटांतून सुटायची आणि पाणी बाबांच्या शर्टावर सांडायचं. मी पुन्हा पापणी धरायची, पुन्हा ओतायचं. मनात एकच विचार होता. ज्या माणसाने आयुष्यभर नजरेवर पोट भरलं, तो आता अंधारात एकटा कसा राहील? आणि ते माझ्याकडे राहायला तयार होतील का? बाबांनी माझी ओढणी मुठीत धरली होती. लहानपणी जत्रेत मी त्यांचा शर्ट धरायचे, तशी.

"तू घाबरू नको," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी आधी काहीच तपासलं नाही. सलाइनची नळी लावून डोळा धूत राहिल्या. मधेच कागदाची एक बारीक पट्टी पापणीत लावून पावडरचा अंश उरलाय का ते तिच्या रंगावरून बघायच्या आणि परत धुवायच्या. मी दाराशी उभी राहून त्यांच्या चेहऱ्यावर काही कळतंय का ते पाहत होते. काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी पिवळं औषध घालून निळ्या दिव्यात पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"डावा डोळा ठीक आहे. उजव्याला बुबुळावरचा पातळ पापुद्रा जळलाय. लगेच धुतला नसता तर अवघड होतं. तरी नजर किती परत येईल, ते आज सांगत नाही."

मी खुर्चीवर बसले. माझ्या नखांत अजून पीठ होतं.

पुढचे दिवस बाबा माझ्या घरी राहिले. मी ठरल्या वेळी थेंब घालायचे आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचे. "आता कसं दिसते?" ते म्हणायचे, "धुकं हाये." मला दिवसभर ते धुकंच डोळ्यांपुढे यायचं. एका सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं की कॅलेंडरवरचे मोठे आकडे ओळखू येतात. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नजर परत आली, पूर्ण नाही. उजव्या डोळ्याच्या कडेला अजून एक धूसर ठिपका आहे.

मी बाबांना अमडापूरला सोडायला गेले तेव्हा बरणीतले भाग राखाडी, खडबडीत निघाले. काळाही गेला आणि निळाही. अर्धे भाग मात्र अजून गाडीवरच होते आणि बाबांना त्यांचा नाद सोडवेना.

"ब्रेक ऑइल," ते म्हणाले. "सरकारी जीपवर सांडलं की रंग फुगून यायचा. मलेच आधी सुचाले पायजे होतं. फक्त लय वेळ लागते त्याले."

मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, पण पुढच्या सुट्टीला मी येईपर्यंत थांबले. उघड्या ताटलीत ऑइल ओतलं, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा पांढऱ्या काचेचा चष्मा आणि हातांत रबरी मोजे. माझ्या पायाशी पाण्याची बादली होती. भाग रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या टूथब्रशने घासले, तर काळा रंग सालीसारखा सुटला. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर खालचा निळा जसाच्या तसा निघाला.

"दिसते ना तुले?" त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरून विचारलं.

मी हो म्हणाले. पण माझं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे होतं, काचेवर थेंब तर उडाला नाही ना.