चिंचेवरची वटवाघळं

यजमान गेले, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, मीही शाळेतून निवृत्त झाले. त्यानंतर तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या आमच्या घरात दिवसभर कुणाशी बोलणं होत नसे. परसातल्या चिंचेवर वटवाघळांची वस्ती होती. दिवसा उलटी लटकून ती आपसांत भांडत आणि दिवेलागणीला तापीपलीकडच्या बागांकडे उडत जात. लोक त्यांना अशुभ म्हणायचे, पण मला त्या कलकलाटाची सवय झाली होती.

ऊन आम्हाला नवं नाही. पण त्या वैशाखात सूर्य कलल्यावरही भिंती निवेनात. एका दुपारी जेवताना लक्षात आलं, की झाड गप्प आहे. बाहेर जाऊन पाहिलं, तर सगळी खालच्या फांद्यांवर उतरून खोडाला दाटीनं चिकटली होती. वटवाघळाला घाम येत नाही. पंखांनी वारा घेऊन आणि अंग चाटूनच ते गारवा मिळवतं, पण आता त्यांचे पंखही हलत नव्हते. माझ्यासमोरच एक मादी खाली पडली. तिच्या छातीला पिल्लू बिलगलेलं होतं.

मी बादली भरली आणि तांब्यानं वर पाणी उडवू लागले. ते अर्ध्यावरूनच खाली येई. शेजारचे केळीवाले भाऊ कुंपणापाशी आले.

"बाई, काय करी ऱ्हायनात?"

"पानी मारी ऱ्हायनी. मरी ऱ्हायनात ह्या."

"ह्या मन्ही केळी खातस," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

थोड्या वेळानं ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊन परतले. "धोई आनेल शे. औषध नही यामा."

ऊन उतरेपर्यंत ते फवारत राहिले आणि मी पाणी भरत राहिले. मादी गेली होती. पिल्लाला मी ओल्या पंचात गुंडाळून ठेवलं, पण तेही टिकलं नाही. अंधार पडायच्या आत भाऊंनी खड्डा खणला आणि मेलेली सगळी त्यात पुरली. उरलेली एकेक करून उडाली.

पुढं काही दिवस थोडी परत येत राहिली, मग तीही येईनाशी झाली. नदीकाठी सावलीचं झाड मिळालं असेल. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू इकडेच ये आता." मी विषय बदलला. तिच्या फ्लॅटमध्ये मी दोनदा राहून आले होते. तिथंही दुपारी घरात मी एकटीच असते.

एका सकाळी भाऊ बागेकडे निघाले होते. कुंपणापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं.

"गयात का सगळ्या?"

"गयात."

त्यांच्या केळीला आता त्रास नव्हता. तरी ते जरा वेळ तिथंच उभे राहिले. मग कुदळ खांद्यावर टाकून चालू लागले आणि मी भांडी घासायला आत आले.