कुझ्मा बोकडचोर

आता भावोजीही गेले आणि बेपोही गेला, म्हणून सांगते. दोघांतला एक जरी जिवंत असता तरी मी तोंड उघडलं नसतं.

आमच्या बेटावर निम्मं गाव लुकेतिच आडनावाचं, आणि त्यात कुझ्मा नावाचे ढीगभर. त्यामुळे कुणी मेलं की धक्क्यावरच्या फळ्यावर जो मृत्यूचा कागद चिकटवतात, त्यावर घराण्याचं टोपणनाव छापावंच लागतं. नाहीतर लोक भलत्याच घरी रडायला जातात. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचं टोपणनाव होतं बोकडचोर. माझी कातिना वारली तेव्हा तिच्याही कागदावर आलं, ‘बोकडचोरांची’. बिचारीनं जन्मात कुणाची सुई उचलली नव्हती.

तिचा नवरा कुझ्मा, म्हणजे आमचे भावोजी. सार्डिन मासळीच्या कारखान्यात डबे बंद करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वतःचं तोंड मात्र कधी बंद ठेवता आलं नाही. डॉक्टरनं हृदयाचं काहीबाही सांगितल्यावर त्यांनी मृत्यूच्या कागदासाठी आधी फोटो काढून घेतला, केस रंगवून. मग माझ्याकडे आले.

“पेरिना, मी बोकडचोर म्हणून त्या फळ्यावर चढणार नाही. माझा बाप चोर नव्हता.”

“मग काय, बोकड आपल्या पायानं पातेल्यात उतरला?” मी म्हटलं.

चोपन्न साली सरकारनं शेळ्या पाळायला बंदी घातली. झाडं खातात म्हणे. लोकांनी आपापल्या शेळ्या डोंगरातल्या गुहेत लपवल्या. एक दिवस वन खात्याचा शिपाई नाकासमोर चालत गुहेपाशी पोचला आणि सगळ्या हाकून धक्क्यावर घेऊन आला. त्यात बेपोच्या बापाचा बोकड तेवढा नव्हता, आणि त्याच संध्याकाळी भावोजींच्या घरातून मटणाचा घमघमाट सुटला. संपलं. आमच्या गावाला पुरावा लागत नाही, नाक पुरतं.

तर आम्ही बोटीनं शहरातल्या सरकारी दप्तरखान्यात गेलो. वाचायच्या खोलीत नेव्हेन्का नावाची बाई बसायची. भावोजींनी तिला बापावरच्या आळाची सगळी कथा ऐकवून फर्मावलं, “पोरी, बोकडाचं दप्तर काढ.”

“काका, इथे बोकडाचं, गाढवाचं असं दप्तर नसतं. ज्या कचेरीनं कागद लिहिला, तिच्या नावानं तो ठेवलेला असतो. तुमच्या वडिलांचा त्रास कुणाला झाला, ते सांगा.”

“सगळ्यांनाच,” मी म्हटलं.

चोरी म्हणजे कोर्ट, असं ठरवून आम्ही कोर्टाच्या पेट्या मागवल्या. सगळा हिवाळा त्यात गेला. काय नव्हतं त्यात! कोंबडा मुद्दाम आपल्याच खिडकीकडे तोंड करून आरवतो अशी फिर्याद होती. बेकरीवाल्याविरुद्ध पुरावा म्हणून जोडलेला पाव होता, दगड झालेला, वर कचेरीचा शिक्का. भावोजी तर बोकड विसरूनच गेले. “अगं, हे बघ, पाद्रीबुवांच्या काकानं काय केलंय!” म्हणून खिदळायचे, आणि सगळी खोली आमच्याकडे डोळे वटारून बघायची.

बोकड काही मिळेना. शेवटी नेव्हेन्कालाच आमची दया आली. “अहो काका, ज्या बोकडावर बंदी, तो चोरीला गेला म्हणून पोलिसात कोण जाईल? कोर्टात हे कसं सापडणार? तो बोकड कोणत्या कचेरीच्या डोळ्यात खुपत होता?”

“वन खात्याच्या,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे मूर्खासारखं बघितलं.

वन खात्याच्या पेटीत शिपायाचा अहवाल होता, एवढासा. आंते लुकेतिच यांनी गुहा दाखवली. बक्षीस म्हणून त्यांना एक बोकड कापून खाण्यासाठी देण्यात आला.

आंते म्हणजे भावोजींचा बाप.

भावोजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “पेरिना, मी खाल्लाय तो. मांडीचा तुकडा मागून घेतला होता मी.” जन्मभर त्यांची टवाळी केली मी, पण त्या वेळी त्यांच्या हातातला कागद घेऊन पालथा ठेवला. चोराला आमचं गाव हसतं, लग्नाला बोलावतं, पोरगीही देतं. चुगलखोराच्या मात्र शवपेटीला खांदा देत नाही. म्हातारा हे जाणून होता. मरेपर्यंत चोर म्हणवून घेतलं त्यानं.

“हा कागद असाच राहणार?” भावोजींनी विचारलं.

“राहणारच. मागेल त्याला दाखवतो आम्ही,” नेव्हेन्का म्हणाली.

“आणि कुणी मागितलाच नाही तर?”

“तर पडून राहतो.”

परतलो तर धक्क्यावर बेपो उभाच. बापाच्या बोकडावरून भावोजींना आयुष्यभर छळणारा तो हाच. “काय रे कुझ्मा, सापडला का आमचा बोकड?”

“सापडला,” भावोजी म्हणाले. “बापानंच चोरला होता. चविष्ट होता, सांगून ठेवतो.”

बेपो हसत सुटला, मग भावोजींच्या गळ्यातच पडला. “म्हटलं नव्हतं!” डोळे पुसता पुसता अचानक गंभीर झाला. “गुहा कुणी दाखवली, ते कुठे लिहिलंय का रे? आमचा म्हातारा शेवटच्या श्वासापर्यंत तेच विचारत होता. मी जाऊन शोधू का?”

भावोजींच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

“शोध की,” मी म्हटलं. “कोर्टाच्या पेट्यांपासून सुरुवात कर.”