परत करावयाची वस्तू

आकाशातून पडलेल्या वस्तूची आवक-पावती फाडणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर आजवर एकच झाला, आणि ते गृहस्थ नेमके माझे सासरे निघाले. याला नशीब म्हणतात. लोकांचे सासरे बँकेत असतात, शाळेत हेडमास्तर असतात, फार तर दुकानात गल्ल्यावर बसतात. माझे सासरे लोणी काळभोरच्या अलीकडे असलेल्या एका अणुप्रयोगशाळेत सुरक्षा अधिकारी होते, आणि मी त्याच प्रयोगशाळेत कनिष्ठ शास्त्रज्ञ. म्हणजे बायकांना घरीच असतो तो सासुरवास मला ऑफिसातही होता. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही. ते कुठे सांगणार नाही अशा कागदावर सासऱ्यांनी माझी तीनदा सही घेतलेली आहे, त्यातली एक तर माझ्याच लग्नाच्या कार्यालयात, मुंडावळ्या सोडायच्या आधी.

आमच्याकडे पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेली एक छोटी अणुभट्टी होती. तिच्या हॉलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने छातीवर एक बॅज लावायचा असा नियम. बॅजमध्ये फिल्मचा इवलासा तुकडा असे. जितका किरणोत्सर्ग अंगावर येईल तितकी फिल्म काळी पडे. महिनाअखेर फिल्म धुवायची, आणि जास्त काळी निघाली तर त्या माणसाला काही महिने हॉलमध्ये बंदी. आता प्रयोग ऐन रंगात आलेला असताना टेबलाशी बसून माश्या मारायला कोणाला आवडेल? म्हणून आम्ही सगळे शहाणे एक युक्ती करायचो. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि छाती मोकळी घेऊन आत जायचं. फिल्म गोरीपान, माणूस कामावर, सगळं झकास. सासऱ्यांना हे ठाऊक होतं. ते अवचित यायचे, ड्रॉवर उघडायचे, बॅज उचलायचे आणि खिशातलं छापील पुस्तक काढून जप्तीची चिठ्ठी लिहायचे. तिच्यावर कारण, तारीख, वेळ मिनिटासकट, आणि शेवटी ‘परत करावयाची वस्तू’ असा शिक्का. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून ‘वस्तू मिळाली’ अशी सही करायची आणि बॅज घ्यायचा. वर ऐकून घ्यायचं ते वेगळं. “आपण डॉक्टरेट कशात केलीत? लपंडावात का?”

स्वतःचा बॅज मात्र ते अंघोळीपुरताच काढत असावेत. कन्यादानाला सोवळं नेसून उघड्या अंगाने बसले तर बॅज जानव्याला अडकवलेला. मुलगी बघायला मी गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, गोत्र विचारलं नाही. “महिन्याचा डोस किती?” एवढंच विचारलं. मी घाबरून खरा आकडा सांगितला. मग त्यांनी आतून किरणोत्सर्ग मोजायचा गायगर काउंटर आणला, मी नेलेल्या पेढ्यांवरून फिरवला, नंतर माझ्यावरून फिरवला. यंत्राने नेहमीची बारीक टिकटिक केली, जास्त काही नाही. “ठीक आहे,” म्हणाले. माझं लग्न असं ठरलं. पुढे मंडईतून आणलेली प्रत्येक मेथीची जुडी त्या यंत्राखालून गेल्याशिवाय त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली नाही. सासूबाई म्हणायच्या, “मी कशी शिरले कोण जाणे!”

तर ती वस्तू. एका दुपारी लोणीचे एक शेतकरी टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून काहीतरी घेऊन फाटकाशी आले. नारळाएवढी राखी रंगाची गोळी. कुठे जोड नाही, भोक नाही, अक्षर नाही, आणि हात लावला तर ताप आलेल्या कपाळासारखी कोमट. “उसात पडलंया साहेब,” ते म्हणाले. “आठ दिस झालं. म्हशी त्या अंगाला जाईनात. तुमी शिकलेली मान्सं, तुमीच बगा काय हाय ते.” आमचे डायरेक्टर धावत आले, मी धावत आलो. सासरे चालत आले. काउंटर त्या गोळीजवळ नेला आणि तो एकदम गप्प झाला. हे लक्षात घ्या, काउंटर कधीच गप्प नसतो. दगडमातीत, हवेत, माणसात थोडंफार असतंच, त्याची टिकटिक सतत चालू असते. या गोळीजवळ मात्र चिडीचूप. डायरेक्टरांचे डोळे चमकले. सासऱ्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं.

“वस्तूचं नाव?”

“काय म्हाईत.”

“कुठून आली?”

शेतकऱ्याने बोट वर केलं. सासऱ्यांनी ‘वरून’ असं लिहिलं.

“मालक आपणच का?”

“म्या कसा? श्यात माजं हाय, वस्तू न्हाई माजी.”

सासऱ्यांनी पेन थांबवून त्यांच्याकडे फार आदराने पाहिलं. इतका आदर त्यांनी आमच्यातल्या एकाही शास्त्रज्ञाला कधी दाखवला नव्हता. मग ‘मालक: अज्ञात’ असं लिहून त्यांनी ‘परत करावयाची वस्तू’ हा शिक्का मारला. डायरेक्टर वैतागून म्हणाले, “अहो, परत कोणाला करणार?” सासरे म्हणाले, “ज्याची असेल तो येईल. सही करील, घेऊन जाईल. आपण दुसऱ्याची वस्तू कायमची ठेवून घेत नाही.” आणि त्यांनी हुकूम सोडला: गोळी मागच्या आवारातल्या शिशाच्या खड्ड्यात जाईल, तिला अणुभट्टीच्या आसपास कोणी नेणार नाही. “जी वस्तू काउंटरचं तोंड बंद करते,” ते म्हणाले, “ती आपल्यातली नाही. पाहुण्याला आधी ओसरीवर बसवतात, थेट देवघरात नेत नाहीत.”

आता पुढचा मूर्खपणा माझा. सासरे एक ते दोन डबा खात. त्या तासात खोलीचं दार बंद असे आणि प्रलय आला तरी ते कोणाशी बोलत नसत. तो तास साधून मी डायरेक्टरांच्या कानाशी लागलो की, अणुभट्टीजवळ नेली तर गोळी काही उत्तर देईल, आणि जगात पहिले आपण असू. पहिले! या एका शब्दाने भलीभली माणसं वाया जातात. आम्ही पाच जण, पाचांचे बॅज ड्रॉवरमध्ये, गोळी ढकलगाडीवर घालून हॉलमध्ये घेऊन गेलो.

उत्तर मिळालं. हौदाच्या कठड्याशी पोचताच गोळी गुणगुणायला लागली. भट्टीचे काटे आपोआप चढू लागले. कोणी काही केलं नव्हतं, तरी भट्टी तिच्या ओढीने पेटत चालली होती. बरोबर दोन वाजता भोंगा झाला आणि आम्ही पाचही जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ पायातल्या चपला टाकून बाहेर पळालो. भट्टी बंद करायची बाहेरची कळ दाबून पाहिली, ऐकेना. ती गोळी लांब नेल्याशिवाय सुटका नव्हती, आणि नेणार कोण? कल्पना माझी होती. घरी बायकोला सातवा महिना होता. पण लाजेपुढे काही सुचेना. “मी जातो,” म्हणालो.

एवढ्यात ऑफिसच्या इमारतीकडून सासरे आले. शांतपणे. काय झालं ते आमच्या तोंडांवरून त्यांना कळलं. मी दाराला हात घातला तसे आडवे उभे राहिले.

“बॅज?”

“ड्रॉवरमध्ये आहे.”

“घेऊन या. बॅज नसलेल्याला दार उघडणार नाही. मी थांबतो.”

मी आवार ओलांडून धावत गेलो. ड्रॉवर रिकामा. टेबल उलथंपालथं केलं, कोटाचे खिसे पालथे केले, कुठेही नाही. परत आलो तर ते आत गेले होते. पाच जणांत एकाच्याही छातीवर बॅज नव्हता, म्हणून नियमाने आत जायला लायक ते एकटेच उरले होते. काचेतून दिसत होतं. लांब चिमट्याने त्यांनी गोळी उचलली आणि निघाले, चालत! हॉलमध्ये ‘धावू नये’ अशी पाटी होती, तिच्यावर सही त्यांचीच. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज येत होता. गोळीशी बोलत होते. “चला, आपण बाहेर बसू. इथे गर्दी आहे. आपली गैरसोय झाली, मुलं जरा उतावीळ आहेत.” मी माइकमध्ये ओरडलो, “अण्णा, पळा हो, पळा!” उत्तर आलं, “ऑफिसात साहेब म्हणायचं.”

मागच्या दाराने ते तिला घेऊन खड्ड्यापर्यंत गेले, आत ठेवलं, शिशाचं झाकण ओढलं. भट्टी निवली. पुणं वाचलं, आणि त्या दुपारी पुणं नेहमीसारखं झोपलेलंच होतं.

महिनाअखेर त्यांची फिल्म धुऊन आली ती तव्याच्या पाठीसारखी काळी. त्यांनीच लिहिलेल्या नियमाने त्यांनाच हॉलची बंदी झाली, निवृत्तीपर्यंत. ज्या हॉलचं दार त्यांनी अठ्ठावीस वर्षं राखलं त्यात पुन्हा पाऊल टाकता आलं नाही. फाटकाशी टेबल मांडून ते पास लिहीत बसले. तक्रार शून्य. फक्त दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे करताना सगळ्यांसमोर विचारायचे, “काय जावईबापू, बॅज सापडला का?” मी आणखी एक चकली तोंडात कोंबायचो. इतकी वर्षं मला एकच खात होतं, की माझ्या अजागळपणापायी माझ्या जागी हा माणूस आत गेला. त्यांना मी हे कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर म्हणाले असते, “लेखी द्या.”

तब्येतीला मात्र काही झालं नाही, हे देवाचे उपकार. चांगले पंच्याऐंशीपर्यंत जगले, नातीच्या लग्नात पेढ्यांवरून काउंटर फिरवून गेले. वस्तू न्यायला कोणी आलं नाही. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी एकदा फाटकावर जाऊन चौकशी करायचे, “कोणी आलं होतं का?”

गेल्या वर्षी ते गेले. धायरीच्या घरात बायको त्यांची ट्रंक आवरत होती. पावतीपुस्तकांच्या तळाशी एक पाकीट निघालं, वर माझं नाव. आत माझा बॅज, आणि त्याला टाचलेली जप्तीची चिठ्ठी. तारीख त्याच दिवसाची. वेळ: दोन वाजून चार मिनिटं.

भोंगा दोनला झाला होता. त्या चार मिनिटांचा हिशेब मी मांडला. भोंगा ऐकून हा माणूस खोलीतून निघाला, आणि हॉलकडे येण्याआधी माझ्या टेबलाशी थांबला. आत कोण जाईन म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं. जन्मात एकदाच ते खोटं बोलले, “घेऊन या, मी थांबतो,” आणि त्याचीही नोंद करून ठेवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलगी सात महिन्यांची गरोदर.’ खाली शिक्का, ‘परत करावयाची वस्तू.’

बायको रडत होती. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि शेवटच्या रकान्यात, त्यांना चालेल अशा नीट अक्षरात, ‘वस्तू मिळाली’ असं लिहून सही केली.