घोडीच्या पाठीची सरासरी

मी मोजणीदार. सव्वीस वर्षं लोकांची शेतं मोजत आलो. त्यामुळे घोडी खोगीर चढवताना चावते असं मुलगी सांगू लागली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘तिला टोचतं ते नेमकं कुठे, आणि किती?’

मुलगी तेव्हा सतराची होती. राजापेठेतल्या आमच्या घरून सायकलनं शहराबाहेरच्या घोड्यांच्या क्लबात जाऊन ड्रेसाज शिकायची. या खेळात उड्या नाहीत, शर्यत नाही. बघणाऱ्याला दिसूही नयेत अशा इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या. त्याचं खोगीर वेगळं असतं. बैठक खोल, आणि दोन्ही बाजूंचं कातडं लांब व सरळ, म्हणजे स्वाराचा पाय सरळ खाली येतो. असं एक जुनं खोगीर मी तिला दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आणून दिलं होतं. घोडी मात्र क्लबाची. तपकिरी, आठ वर्षांची, आणि मुलीचा तिच्यावर फार जीव.

ती घोडी पाय उचलू द्यायची, नाल ठोकू द्यायची, कानात बोट घातलं तरी उभी राहायची. फक्त खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळायला घेतला की कान मागे पाडून चावायची. उन्हाळ्यात तिनं क्लबाच्या मालकांचा दंडच दातांत धरला. मालक म्हणाले, “तुळशीच्या लग्नापर्यंत पाहतो. तोवर नाही सुधारली, तर वरातीवाल्याला देऊन टाकतो.”

मुलगी त्या दिवशी जेवली नाही. मी मोजपट्टी काढली.

पद्धत मी विचारून घेतली होती. मऊ तार घोडीच्या पाठीवर आडवी वाकवायची, तिचा आकार घेतला की ती अलगद उचलून आलेखाच्या कागदावर ठेवायची आणि पेन्सिलनं गिरवायची. हे तीन ठिकाणी करायचं. खांद्याच्या मागे चार बोटं, मग पाठीच्या मध्यावर, मग खोगीर संपतं तिथे. घोडी सांभाळणारे मामा लगाम धरून उभे होते. वलगावकडचे शेतकरी, घरी एक बैलजोडी.

“सायेब, घोडी मोजून राहिले का वावर?”

“दोन्ही एकच, मामा.”

“मंग शेजाऱ्याले बलवा. मागून भांडन नको.”

घरी कागद मधोमध दुमडून उजेडासमोर धरला. डावी आणि उजवी रेघ एकमेकींवर बसत नव्हती. खांद्यापाशी दीड सेंटीमीटरचा फरक. मी आमच्या कामातल्या सवयीनं वागलो. एकाच बांधाची दोन मापं वेगळी आली की चूक हाताची धरायची आणि सरासरी काढायची. मी दोन रेघांच्या मधून तिसरी रेघ ओढली आणि ती घेऊन अकोल्याला गेलो.

तिथे एक कारागीर खोगिरं आणि टांग्याचा साज शिवायचे. त्यांनी मधल्या रेघेबरहुकूम आतला लोखंडी सांगाडा किंचित फाकवला, खालच्या दोन्ही गाद्यांत लोकर सारखी भरली. बसणाऱ्याच्या मांडीचं माप विचारलं, तेही माझ्या वहीत होतं. मी वाचून दाखवलं. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत खोगीर मांडीवर घेऊन आलो. समोरच्या बाईंनी विचारलं, “घोडं कुठंशी बांधलं?”

घोडी तशीच चावली. शिवाय आता खोगीर उजवीकडे सरकू लागलं आणि शिकवणारे मुलीला ओरडू लागले, की तूच कलतेस. तिनं घरी आरशासमोर खुर्चीवर बसून स्वतःला सरळ करून पाहिलं. मला ते बघवलं नाही. पण कोडंही सुटेना. रपेट झाल्यावर खोगीर उतरवलं, की सगळी पाठ घामानं ओली आणि डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग. सगळीकडे घाम, तिथेच का नाही?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी क्लबात गेलो तर मामा घोडीजवळ वाटी घेऊन उभे. वाटीत हळद आणि लोणी. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या जागी हळद-लोणी चोळतात.

“बैलाइचं झालं. मनलं, हिनं काय पाप केलं? वझं तं हे बी वाह्यते.”

ते दोन्ही हात दोन खांद्यांवर ठेवून एकदमच चोळत होते. मधेच थांबले. पुन्हा चोळलं.

“सायेब, इकडं या. हिचा डावा खांदा भरला हाये.”

“म्हणजे सुजला?”

“सुजला नाई. मोठाच हाये. बैल सदा एकाच बाजूनं जुपला का त्याचा बी असा होते. तुमाले मोजताना नाई दिसलं?”

मी हात लावून पाहिला. मला काही कळलं नाही. पण डावीकडे त्यांनी जरा दाबलं, तशी घोडीनं कान मागे पाडले.

“आत्ता खोगीर ठेवून बघू या,” मी म्हणालो.

“अजी हट! आज खांदे शेकले, उद्या पोळा. दोन दिवस हिच्यावर काई ठेवाचं नाई.”

मग घरी जाऊन मी तोच कागद काढला. मधली रेघ खोडली. तिन्ही ठिकाणी डावी बाजूच मोठी होती. हात चुकला असता तर कधी इकडे चुकला असता, कधी तिकडे. मी वाढलेल्या खांद्याला मापातली चूक समजलो होतो, आणि ती दुरुस्त केली होती. खोगीर तिथेच रुतत होतं, म्हणून तेवढ्या जागी घामही फुटत नव्हता.

कारागिरांनी कागद पाहिला आणि चष्मा वर केला. “हे पयले काहून नाई दाखवलं? मोठ्या बाजूले जागा द्या लागते, लहान बाजूले भर. तुमी दोघीइले अर्धं-अर्धं वाटलं.”

मग मुलीकडे वळले. या वेळी ती सोबत आली होती. “बस व माय घोडीवर.” लाकडी घोडीवर खोगीर होतं, ती बसली. त्यांनी तिच्या मागे हात घातला. तिथे तळहात मावायला हवा होता, दोन बोटंही मावेनात. तिचा गुडघा खोगिराच्या पुढच्या, गुडघा टेकायच्या उंचवट्यावर चढत होता, म्हणून ती मागे ढकलली जात होती.

“सायेब, तुमी सांगतलं ते माप कोन्या पोरीचं?”

वहीतलं माप खोगीर घेतलं तेव्हाचं होतं, पंधराव्या वर्षाचं. मुलगी इतकी हसली, की तिला खाली उतरावं लागलं.

“बाबा, मी वाढले ना!”

उंचवटा उसवून दोन बोटं पुढे शिवला. त्यानं मागे हाताएवढी जागा झाली. डाव्या अंगाला सांगाडा मोकळा केला, उजव्या गादीत पुढच्या टोकाला मूठभर लोकर जास्त भरली. टेबलावर खोगीर वाकडं दिसत होतं. ते तसं पाहून मला अवघडल्यासारखं झालं.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी मालक स्वतः आले, पण दोन हात लांब उभे राहिले. मुलीनं तंग एक भोक आवळला, थांबली, दुसरं आवळलं. घोडीचा एक कान मागे गेला. आम्ही सगळे त्या कानाकडे बघत होतो. मग तो पुढे आला आणि घोडी कुंपणाजवळच्या सोयाबीनच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगाकडे तोंड करून ओठ हलवू लागली.

अर्ध्या तासानं खोगीर उतरवलं. मी आधी पाठ पाहिली. डावीकडे ओली, उजवीकडे ओली.

“राहू द्या मग,” मालक म्हणाले. “वरातीवाल्याला मी दुसरं घोडं बघायला सांगतो.” मुलगी घोडीच्या गळ्यात पडली, ती बराच वेळ.

मी तार काढली. खांदा असाच राहतो की रपेटीनं बदलतो, हे मला बघायचं होतं.

“आता कायले?” मामा म्हणाले. “बसलं ना बरोबर.”

“आज बसलं, मामा. महिन्यानं काय?”

मामांनी लगाम धरला. मी डावी बाजू एका कागदावर घेतली आणि उजवी दुसऱ्यावर. मग मुलीला हाक मारली, “तूही ये इकडे, पाय सरळ ठेव.”